मुनाजरा बाजूला ठेवून धर्म शिकताना

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

  

‘पदवीच्या पातळीवर जगातल्या धर्मांचा अभ्यास’ असा विषय आयोजकांनी मला दिलाय. तो जाहीर झाला तेव्हा मागच्या बाकांवर जी कुजबुज झाली, ती मला ऐकू आली. शंका रास्त आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आलिम नाही आणि प्राध्यापकही नाही. पण इथे बसलेल्यांपैकी बरेच जण इंजिनिअरिंग, फार्मसी, कॉमर्स, नर्सिंग याच वाटेने चाललेत. त्यामुळे या विषयावर आपल्यातल्याच एकाने बोललेलं बरं, असं मला वाटलं.

मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा गणिताचे पेपर होते, ड्रॉइंग होतं, वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा तासन्‌तास कानशीने घासायचो. पण शेजारच्या बाकावरचा मुलगा काय मानतो, त्याच्या घरी मयत झाली तर काय करतात, त्याची आजी पंढरपूरला कशासाठी चालत जाते, हे समजून घ्यायचा एकही तास चार वर्षांत नव्हता. आज व्हॉट्सॲप ग्रुपवर धर्माबद्दल तावातावाने लिहिणारे कोण असतात ते बघा. बहुतेक आम्हीच, इंजिनिअर!

नोकरीला लागल्यावर हिंजवडीत दर रमजानला एकच प्रश्न यायचा, ‘पाणीसुद्धा नाही?’ अजूनही येतो. मला त्याचा राग येत नाही, विचारणाऱ्याला खरंच माहीत नसतं. पण उलट बाजूने विचार करा. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आपण साडेअकरा टक्के आणि बौद्ध जवळपास सहा टक्के. किती गावांत मोहल्ला आणि बुद्धविहार एकाच रस्त्यावर आहेत! १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा विहारात मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या असतात. त्या थांबून वाचल्यात का कुणी? हात वर करायला सांगत नाही, घाबरू नका.

तर मी शिकलो कसा? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचे काही अभ्यासक्रम इंटरनेटवर मोफत ठेवलेत. त्यात क्रिस्टिन हेज यांची हिब्रू बायबलवरची २४ व्याख्यानं आहेत, २००६ मध्ये वर्गातच चित्रित केलेली. डेल मार्टिन यांची नव्या करारावरची २६ व्याख्यानं आहेत, ती २००९ ची. प्रत्येक व्याख्यानाची लिखित प्रतही मिळते, त्यामुळे इंग्रजी उच्चार समजले नाहीत तरी अडत नाही. मी रात्री जेवण झाल्यावर एक ऐकायचो.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की इथे चाललंय ते मला माहीत असलेल्या दोन्ही प्रकारांत बसत नाही. मला दर्स माहीत होता, जिथे आपला दीन आपल्याला सांगितला जातो. आणि मुनाजरा माहीत होता, यूट्यूबवर दोघं समोरासमोर बसतात आणि एकाला हरवायचं असतं. इथे कुणी ईमान आणायला सांगत नव्हतं आणि कुणी हरतही नव्हतं.

बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीला निर्मितीच्या दोन हकिकती आहेत. पहिलीत माणूस सगळ्यात शेवटी येतो, पुरुष आणि स्त्री एकदम. दुसरीत आधी मातीतून पुरुष, मग प्राणी आणि शेवटी त्याच्या बरगडीतून स्त्री. दोन्हींत देवासाठी वापरलेलं नावही वेगळं आहे. तुम्ही कधी दहा वर्षांचा जुना कोड उघडला असेल तर हा अनुभव ओळखीचा वाटेल. वाचता वाचता कळतं की इथे हात बदललाय, लिहिणारा दुसरा आहे आणि त्याच्या समोरचा प्रश्नही दुसरा होता. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत वेलहाउझेन वगैरे विद्वानांनी यावर मोठं काम केलं. वर्गातली मुलं ते शिकतात. त्यांत ज्यू असतात, ख्रिस्ती असतात, काहीच न मानणारेही असतात.

इथे आपल्यातल्या एखाद्याला गुदगुल्या होतात. ‘बघा, त्यांच्या किताबेत फेरफार झाला हे त्यांचेच प्रोफेसर सांगतात!’ तो मोह फार जुना आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

एप्रिल १८५४. आग्रा. मिशनरी कार्ल फांडर आणि मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांच्यात जाहीर मुनाजरा झाला. कैरानवींच्या जोडीला डॉक्टर वझीर खान होते. त्यांनी विलायतेत वैद्यकी शिकताना बायबलवरची युरोपातली नवी चिकित्सक पुस्तकं जमवली होती. फांडर यांच्या तयारीत ही पुस्तकं नव्हती. युरोपच्याच विद्वानांचे दाखले देऊन त्यांना कोंडीत पकडलं गेलं आणि दोन दिवसांत मुनाजरा संपला. पुढे १८५७ नंतर कैरानवी मक्केला गेले आणि १८६४ मध्ये त्यांनी ‘इझहारुल हक’ हा ग्रंथ अरबीत लिहिला. आजचे मुनाजरे कळत नकळत त्याच शिदोरीवर चालतात.

तो काळ समजून घेतला पाहिजे. कंपनीचं राज्य होतं, मिशनरींच्या पाठीशी सत्ता होती. त्या परिस्थितीत कैरानवींनी जे केलं ते धाडसाचं होतं, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्या दिवसापासून एक सवय लागली. चिकित्सेचं हत्यार दुसऱ्याच्या किताबेवर चालवायचं आणि आपली किताब आली की म्यान करायचं. वर्गात असं चालत नाही. तिथे सगळ्यांसाठी एकच फूटपट्टी असते.

एक उदाहरण देतो, मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेलं. हजरत यूसुफचा किस्सा. आपल्याला तो लहानपणापासून येतो. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातही तो आहे, अध्याय ३७ पासून पुढे. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. भाऊ रक्ताने माखलेला अंगरखा घेऊन बापाकडे येतात. बायबलमधला याकोब तो अंगरखा ओळखतो आणि मान्य करतो की जनावराने खाल्लं माझ्या लेकराला. कपडे फाडून शोक करतो, कुणी समजूत काढली तर ऐकत नाही. कुरआनातले याकूब अलैहिस्सलाम पोरांच्या तोंडाकडे बघून ओळखतात की हे तुमच्या मनाने रचलंय, आणि सब्रे जमील म्हणतात.

मुनाजऱ्यात पुढचा प्रश्न असतो, खरं कोणतं? वर्गात असं विचारतात की एका ठिकाणी बाप कोसळतो आणि दुसऱ्या ठिकाणी सब्र करतो, मग प्रत्येक ग्रंथाला आपल्या ऐकणाऱ्यापर्यंत काय पोहोचवायचंय? बायबलमधला याकोब तरुणपणी स्वतः आपल्या आंधळ्या बापाला फसवून आलेला आहे, बकरीचं कातडं हाताला गुंडाळून. आता त्याचीच पोरं बकरीचं रक्त लावून त्याला फसवतात. त्या कथेत हे वर्तुळ महत्त्वाचं आहे. सूरह यूसुफमध्ये नबी मुळात फसत नाही. तिथे वजन आहे ते अल्लाहच्या तदबीरीवर आणि वाट बघण्यावर. हे कळल्यावर मला सूरह यूसुफ आधीपेक्षा जास्त कळली. आणि ज्यू माणूस ती कथा वाचताना का हेलावतो तेही कळलं. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड आल्या नाहीत.

हे सगळं पश्चिमेकडून आलंय असं कुणी म्हणेल, तर अबू रैहान अल-बिरुनीकडे या. साधारण १०३० मध्ये त्याने हिंदुस्थानावर ‘किताबुल हिंद’ लिहिली, ऐंशी प्रकरणांची. गझनीचा महमूद स्वाऱ्या करत होता त्याच काळात हा माणूस पंडितांकडे बसून संस्कृत शिकत होता. पतंजलीच्या योगावरचा ग्रंथ त्याने अरबीत नेला. प्रस्तावनेत त्याची भूमिका स्पष्ट आहे. हे पुस्तक वादाचं नाही, हिंदूंचं म्हणणं ते स्वतः मांडतात तसंच मी मांडणार, ते सत्याच्या विरोधात वाटलं तरी. आणि म्हणून तो गोडगोड बोलतो असंही नाही. इथले विद्वान स्वतःच्या ज्ञानाबद्दल फार अहंकारी आहेत, अशी तक्रार तो करतो. महमूदच्या स्वाऱ्यांनी इथली समृद्धी धुळीला मिळवली आणि लोकांच्या मनात मुसलमानांबद्दल तिरस्कार बसला, हेही त्याच पुस्तकात नोंदवतो. महमूदच्याच राज्यात राहून.

बिरुनीकडून मी एक कसोटी घेतली. दुसऱ्याच्या धर्माबद्दल मी चार ओळी लिहिल्या आणि त्या त्याला वाचून दाखवल्या, तर तो ‘हो, हे आमचंच आहे’ म्हणेल का? वर्णनाच्या वेळी एवढंच बघायचं. मतभेद नंतर. आणि ते असणारच, ते लपवायचं कारण नाही.

आता अवघड भाग. आपली किताब.

२०१५ मध्ये बातमी आली की बर्मिंगहॅम विद्यापीठात कुरआनाची दोन अतिशय जुनी पानं सापडलीत. कार्बन चाचणीत त्यांच्या चामड्याचा काळ ५६८ ते ६४५ या दरम्यानचा निघाला, म्हणजे हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्या हयातीच्या आसपासचा. ही बातमी माझ्या प्रत्येक ग्रुपवर आली, काही ग्रुपवर तीनदा. १९७२ मध्ये येमेनच्या सना शहरातल्या जामा मशिदीत दुरुस्तीच्या वेळी जुन्या पानांचा मोठा साठा सापडला होता. त्यातल्या काही पानांवर आधीचा मजकूर पुसून वर नवा लिहिलाय. खालच्या मजकुरात काही शब्द आणि सूरहांचा क्रम आजच्यापेक्षा वेगळा आहे. ही बातमी कुठल्याच ग्रुपवर आली नाही. दोन्ही गोष्टी एकाच प्रकारच्या अभ्यासातून आल्यात. एक फॉरवर्ड करायची आणि दुसरी गाडून टाकायची, हे अभ्यासात बसत नाही.

आणि यात गाडण्यासारखं आहे तरी काय? आपल्या पूर्वजांनीच हे लिहून ठेवलंय. हजरत इब्ने मसऊद यांच्या मुसहफात वेगळं काय होतं याच्या नोंदी ठेवणारी ‘किताबुल मसाहिफ’ ही अरबी किताब हजार वर्षांपेक्षा जुनी आहे. सात किरअतींची निवड करणारे इब्ने मुजाहिद दहाव्या शतकातले. आपण हिंदुस्थानात हफ्सची किरअत वाचतो, मोरोक्कोत वर्शची. सूरह फातिहात आपण ‘मालिकि’ म्हणतो, तिथे ‘मलिकि’ म्हणतात. एकाचा अर्थ मालक, दुसऱ्याचा बादशाह. ऑफिसातल्या एका मोरोक्कन सहकाऱ्यामागे नमाज पढताना मी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं. आमच्या गावच्या मौलानांना सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, ‘हे तर आम्ही मदरशात तिसऱ्या वर्षी शिकलो.’ म्हणजे आलिमांना माहीत आहे. घाबरतो तो माझ्यासारखा शिकलेला, ज्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

घरच्यांची काळजी मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. माझे अब्बू एसटीत कंडक्टर होते. रात्री कानाला हेडफोन लावून मी बायबल ऐकतोय हे कळल्यावर दोन दिवस काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘ऐक, पण फजर चुकवू नको.’ एवढीच अट. मी पाळायचा प्रयत्न करतो. या अभ्यासाने ईमान जातं का, असं मला सारखं विचारतात. कुणाचं डळमळतं, कुणाचं घट्ट होतं; मी दोन्ही प्रकारचे दोस्त पाहिलेत. माझ्यापुरतं सांगायचं तर नमाजीत मी काय म्हणतोय याकडे माझं लक्ष आता जास्त असतं. पण याची हमी मी दुसऱ्याला देऊ शकत नाही. जो देतो तो काहीतरी विकतोय.

बाहेरचीही अडचण आहे. आजच्या वातावरणात मुसलमान पोराच्या बॅगेत गीता दिसली तर दोनपैकी एक होतं. एक तर संशय, नाहीतर ‘हा बघा चांगला मुसलमान’ असं सर्टिफिकेट. मला दोन्ही नकोत. ज्ञानेश्वरी समजून घ्यायची ती ती समजावी म्हणून, आणि आपण ज्या मराठीत बोलतो ती कुठून आली ते कळावं म्हणून. श्रीगोंद्याचे शेख महंमद कादरी परंपरेतले सूफी; त्यांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला आणि वारकरी त्यांना संत मानतात. ते कुणाकडे सर्टिफिकेट मागायला गेले नव्हते.

वर्गातल्या पुस्तकांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. इंग्रजीतल्या ‘जागतिक धर्म’ छापाच्या पाठ्यपुस्तकात बौद्ध धर्मावर प्रकरण असतं. थेरवाद, महायान, वज्रयान, झेन. आपल्या शेजारच्या विहारातल्या माणसाला तिथे फार तर एक परिच्छेद मिळतो. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचल्याशिवाय महाराष्ट्रातला बौद्ध समजत नाही. मुळात ‘रिलिजन’ या शब्दाच्या डब्यात दीन, धर्म आणि धम्म हे तिन्ही कोंबले की प्रत्येकाचं काहीतरी बाहेर राहतं. विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी १९६०च्या दशकात यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. ते फाळणीआधी लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात शिकवायचे.

आता कायद्याकडे येतो, कारण ‘सरकारी कॉलेजात धर्म कसा शिकवता येईल?’ असं आपले कार्यकर्तेच विचारतात. संविधानाचं कलम २८ सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. म्हणजे पूजा, नमाज, प्रार्थना शिकवता येणार नाही. धर्मांविषयी शिकवणं वेगळं. कोठारी आयोगाने १९६४–६६ मध्ये हा फरक केला आणि २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तो मान्य केला. त्या खटल्यातल्या अर्जदारांची भीती मला पोकळ वाटत नाही. पुस्तक कोण लिहिणार, हा खरा प्रश्न आहे. एका धर्माला ‘संस्कृती’ म्हणायचं आणि बाकीच्यांना ‘धर्म’, मग संस्कृती सगळ्यांना सक्तीची, हा खेळ आपण बघतोच. पण त्यावरचा उपाय विषयच नको म्हणणं हा नाही. तो विषय शिकवू शकणारे आणि त्याची पुस्तकं तपासू शकणारे लोक आपल्यातून तयार व्हायला हवेत. आज अशा समितीवर पाठवायला आपल्याकडे किती नावं आहेत? आलिम आहेत, वकील आहेत. पाली येणारा मुसलमान कुठे आहे?

माझ्या मावसबहिणीने बारावीनंतर हाच विषय घ्यायचं ठरवलं. खालूंनी मला फोन करून विचारलं, ‘नोकरी कुठली लागेल?’ मी खोटं बोललो नाही. या विषयाची म्हणून वेगळी नोकरी नाही. बीएवर जे दरवाजे उघडतात तेच उघडतात. स्पर्धा परीक्षा, बीएड, एलएलबी, पत्रकारिता. आणि आपल्याकडे पदवीलाच ‘धर्मांचा अभ्यास’ असा विषय देणारी कॉलेजं फार थोडी. अलीगढ आणि जामियात इस्लामिक स्टडीज आहे. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात धर्म-अध्ययनाचा जुना विभाग आहे. महाराष्ट्रात बहुतेकांना तत्त्वज्ञान, संस्कृत, पाली, अरबी, इतिहास यांतून आपली वाट जोडत जावी लागते. नव्या धोरणातल्या मेजर-मायनरमुळे हे थोडं सोपं झालंय. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’वरून करता येतात. कॉलेज तयार हवं, आणि बरीच कॉलेजं टाळाटाळ करतात. प्राचार्यांना नियमाची प्रत दाखवा.

तिने पुण्यात बीएला तत्त्वज्ञान घेतलं आणि सोबत पालीचा सर्टिफिकेट कोर्स. पालीच्या वर्गात निवृत्त बँक कर्मचारी आहेत, दोन नर्स आहेत, एक रिक्षावाले काका आहेत. सगळे बौद्ध, हिजाबवाली ही एकटी. पहिल्या महिन्यात कुणी काही विचारलं नाही. मग एका काकूंनी विचारलं, ‘बाळा, तुमच्यात शरण जाणं म्हणजे काय गं?’ त्रिशरणाचा पाठ चालू होता. हिने इस्लाम शब्दाचाच अर्थ सांगितला. त्यावर रिक्षावाले काका म्हणाले, आमच्याकडे शरण जायचं ते ईश्वराला नाही. मग तास संपल्यावर अर्धा तास जिन्यात चर्चा. हरलं कुणीच नाही. घरी येऊन तिने मला फोनवर विचारलं, ‘भाईजान, अल्लाहशिवाय शरण जाणं त्यांच्या बाजूने समजून घ्यायचं तर सुरुवात कुठून करू?’ मी म्हटलं, मला येत नाही, काकूंनाच विचार. आता दर शनिवारी दोघी मिळून एक सुत्त वाचतात.

ती आज आलीय, तिसऱ्या रांगेत आहे. फी, हॉस्टेल, पालीचं व्याकरण आणि खालूंना कसं पटवलं, हे प्रश्न तिला विचारा. व्याख्यानांबद्दल काही असेल तर मला. कुरआनाच्या जुन्या प्रतींबद्दल सखोल विचारायचं असेल तर दुपारच्या सत्रात मौलानासाहेब आहेत, त्यांचा माझ्यापेक्षा जास्त अभ्यास आहे. माइक मागच्या मुलींकडे आधी द्या, सकाळपासून त्यांचा हात वर आहे.